एका गावाला दोन पालक: पाणीतपासणीच्या एक्सेलची उतरंड लावताना

कुही तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीला फ्लोराइडबद्दलचं पत्र गेलं. हातपंपाच्या पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड, म्हणजे आयएस १०५०० या भारतीय मानकात दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायची जी कमाल मर्यादा आहे, तिच्याही पलीकडे. सरपंचांचा फोन आला: "असा हातपंपच नाही आमच्याकडे. तुमचं सावंगी दुसरं असंल, भाऊ."

दुसरंच होतं, शेजारच्या तालुक्यातलं. पत्रावरचं ग्रामपंचायतीचं नाव एक्सेलच्या व्हीलूकअप या शोधसूत्राने आणलं होतं. नुसत्या गावाच्या नावावरून शोधायला लावलं की व्हीलूकअप वरून खाली येताना पहिलं जे सावंगी भेटतं तिथेच थांबतो. खाली आणखी किती सावंग्या आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

ही नागपुरातली एक लहान स्वयंसेवी संस्था. उमरेड, कुही आणि भिवापूर या तीन तालुक्यांत पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासते. (तालुके खरे आहेत, गावांची नावं इथे बदलली आहेत.) पत्राच्या प्रकरणानंतर ठरलं की कार्यकर्त्याने गावाचं नाव टाइप करायचंच नाही. मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये आधी तालुका निवडायचा, मग त्या तालुक्यातल्याच ग्रामपंचायती दिसतील, मग त्या ग्रामपंचायतीतलीच गावं, मग टोला (गावातली वस्ती). ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स या मोबाइल फॉर्म बनवण्याच्या साधनांत हे सहज होतं, पण त्यांना यादी एका ठरावीक आकारात लागते. प्रत्येक पर्याय स्वतंत्र ओळीत, त्याचा कोड, त्याचं दिसणारं नाव आणि तो कोणाच्या पोटात आहे त्याचा कोड. थोडक्यात एका ओळीत एक मूल आणि त्याचा पालक.

संस्थेकडे जे होतं ते नेमकं उलट. एका गावाला एक ओळ, आणि सगळी उतरंड डावीकडून उजवीकडे पसरलेली: तालुका, पंचायत समिती, मंडळ, साझा, ग्रामपंचायत, गाव, टोला १ ते टोला ५, शेरा. वर्षानुवर्षं छापून फाइलला लावण्यासाठी केलेली शीट. त्यामुळे तालुक्याचं नाव एकदाच, मोठ्या मर्ज केलेल्या खान्यात मधोमध, ग्रामपंचायतीचंही तसंच. कागदावर देखणं दिसतं. प्रोग्रामला मात्र त्या मर्ज केलेल्या खान्याच्या पहिल्या ओळीतच नाव दिसतं, बाकीच्या ओळी रिकाम्या.

काम पॉवर क्वेरीत, म्हणजे एक्सेलच्या डेटा साफ करून त्याचा आकार बदलणाऱ्या साधनात, करायचं ठरलं. एक्सेल २०१६ पासून ती आतच असते, वेगळं काही बसवावं लागत नाही, आणि केलेली प्रत्येक पायरी नोंदून ठेवते, त्यामुळे पुढच्या वर्षी नवी शीट आली की फक्त रिफ्रेश. नावं साफ करायला ओपनरिफाइन हे वेगळं टूल घेतलं, त्याबद्दल पुढे.

आधी कॉलम वाचा

अशा शीटकडे बघताना माणूस न कळत एक गृहीत धरतो: डावीकडचा कॉलम पालक, उजवीकडचा मूल. शीट करणाऱ्यानेही तसंच धरलं असावं, कारण साझा आणि ग्रामपंचायत शेजारी शेजारी आहेत. पण ही एक उतरंड नाही, दोन आहेत. महसूल खात्याची वाट तालुका, मंडळ, साझा (एका तलाठ्याकडची गावं), गाव अशी उतरते. पंचायत राजची वाट पंचायत समिती, ग्रामपंचायत, गाव अशी. दोन्ही वाटा गावात येऊन मिळतात, मधे एकमेकींना विचारत नाहीत. वरच्या टोकालाही त्या तंतोतंत जुळत नाहीत. नागपूर जिल्ह्यात तालुके १४ आणि पंचायत समित्या १३, कारण नागपूर शहर तालुक्याला पंचायत समिती नाही.

हे नुसतं सांगून संस्थेत कोणाला पटेना, म्हणून तपासून दाखवलं. तालुका, साझा आणि ग्रामपंचायत एवढेच कॉलम घेतले, दुहेरी ओळी काढल्या आणि तालुका-ग्रामपंचायतीवर ग्रुप बाय करून, म्हणजे गट पाडून, ओळी मोजल्या. साझा खरोखर पालक असता तर प्रत्येक ग्रामपंचायतीसमोर १ आला असता. कित्येक ठिकाणी २ आले. गट ग्रामपंचायतीतली गावं दोन साझ्यांत विभागलेली, तर कुठे एकाच साझ्यात दोन ग्रामपंचायतींची गावं. संस्थेला मदत करणारे एक निवृत्त ग्रामसेवक काका बाजूलाच बसले होते. ते म्हणाले, "साझा तलाठ्याचा, पंचायत आमची. दोघांची भेट चावडीवर चहाले, बस."

ही चाचणी कुठल्याही शीटवर करता येते आणि मी ती सगळ्यात आधी करतो. ज्या कॉलमला पालक म्हणायचं आहे, त्याच्या प्रत्येक मुलासमोर त्याची एकच किंमत यायला हवी. दोन आल्या, तर एकतर नावात गडबड आहे किंवा तो पालक नाहीच.

मग निवड कोणाची? प्रश्न सोपा करून विचारला: पाणी खराब निघालं तर पत्र कोणाला जातं? ग्रामपंचायतीला. म्हणजे झाड, म्हणजेच पालक-मुलांची ही उतरंड, पंचायत राजच्या बाजूने बांधायचं: तालुका, ग्रामपंचायत, गाव, टोला. पंचायत समिती या तीन तालुक्यांत तालुक्यागणिक एकच असल्याने वेगळी पातळी ठेवून उपयोग नव्हता. मंडळ आणि साझा गावाच्या ओळीत नुसती माहिती म्हणून राहिले. ते काढूनच टाकावेत असं मी सुचवलं, तर फिल्डवरच्या दादांनी अडवलं: "साझा काढू नका, भाऊ. विहिरीची जागा कोणाची हे पाहाले सातबारा लागते, तवा तलाठी कोणता हे आमाले कसं समजन?" मुद्दा रास्त होता. पालक नसलेला कॉलम निरुपयोगी असतोच असं नाही.

रिकामा खाना

सगळ्यात जास्त वेळ रिकाम्या खान्यांनी खाल्ला. या शीटमध्ये रिकाम्या खान्याचे तीन अर्थ होते. बहुतेक ठिकाणी अर्थ होता 'वरचंच', म्हणजे मर्ज केलेल्या खान्याचा उरलेला भाग. काही ठिकाणी 'लागू नाही', आणि थोड्या ठिकाणी 'माहीत नाही, नंतर भरू'. पॉवर क्वेरीतलं फिल डाउन या तिघांनाही एकाच मापाने मोजतं. रिकामं दिसलं की वरचं खाली ओढतं.

जवळून बघा. शीटमध्ये उमरेडच्या शेवटच्या ओळीत ग्रामपंचायत खैरी. तिच्याखाली भिवापूर तालुक्याची पहिली ओळ, आणि ती भिवापूर नगरपंचायतीच्या एका प्रभागाची. तिथे ग्रामपंचायत नाही, म्हणून खाना रिकामा. तालुका आणि ग्रामपंचायत दोन्ही कॉलम निवडून फिल डाउन दाबलं की भिवापूर गावातला प्रभाग थेट उमरेडच्या खैरीत जाऊन बसतो. कुठेही लाल खूण येत नाही, एरर नाही, ओळींची संख्याही तीच.

उपाय दोन, आणि दोन्ही लागले. पहिला म्हणजे शीटची छापील प्रत काढून काकांबरोबर बसणं आणि 'लागू नाही' असलेल्या प्रत्येक खान्यात तसं लिहून घेणं. ज्याचा अर्थ फक्त माणसाला माहीत आहे तो कुठल्याच टूलला काढता येत नाही. दुसरा उपाय टूलचा: फिल डाउन एकदम न करता आधी फक्त तालुका भरायचा, मग तालुक्यावर ग्रुप बाय करून 'ऑल रोज' घ्यायच्या आणि प्रत्येक तालुक्याच्या आतल्या टेबलवर वेगळं फिल डाउन चालवायचं. मग एका तालुक्याची ग्रामपंचायत दुसऱ्यात सांडत नाही. तालुक्याच्या पहिल्या ओळीत काही सुटलंच, तर ते रिकामं राहतं आणि डोळ्यांना दिसतं.

आणखी एक बारकी गोष्ट, जिच्यावर लोक अर्धा दिवस घालवतात. फिल डाउन फक्त 'नल', म्हणजे आत खरोखर काहीच नसलेले, खाने भरतं. खान्यात शून्य अक्षरांचा मजकूर असेल, म्हणजे कोणी सूत्र लावून रिकामं दाखवलं असेल किंवा सीएसव्हीतून तसं आलं असेल, तर तो दिसायला रिकामा पण फिल डाउनच्या लेखी भरलेला. आधी अशा खान्यांना नल करून घ्यायचं, मगच पुढे.

नाव म्हणजे ओळख नव्हे

टोल्यांचे पाच कॉलम आडवे होते, ते अनपिव्होट करून उभे केले. अनपिव्होट नल खाने गाळतं, म्हणजे ज्या गावाला एकही टोला नाही ते गाव त्या टेबलातून नाहीसं होतं. म्हणून गावांची यादी त्या टेबलातून काढायची नाही. साफ केलेल्या मूळ क्वेरीचे 'रेफरन्स' (तिच्याच निकालावर चालणाऱ्या नव्या क्वेरी) काढून चार फांद्या केल्या, प्रत्येक पातळीची स्वतंत्र.

टोल्यांची यादी उभी झाल्यावर 'पारधी बेडा' हे नाव कितीतरी गावांसमोर आलं. 'टोली' तर त्याहून जास्त. इथे दुहेरी ओळी काढा असं नुसत्या नावावर सांगितलं असतं तर सगळ्या तालुक्यांतले बेडे मिळून एक बेडा उरला असता. तेव्हा प्रत्येक ओळीला तिचा पूर्ण पत्ता दिला: तालुका, ग्रामपंचायत, गाव, टोला, मधे उभी रेघ. मुलाची ओळख हा पूर्ण पत्ता, आणि पालकाची ओळख त्याच पत्त्यातला शेवटचा तुकडा काढून उरलेला भाग.

पत्ता जोडताना एक खड्डा आहे. तुकडे जोडणारं टेक्स्ट.कंबाइन हे फंक्शन नल किमती गुपचूप वगळतं. ग्रामपंचायत नल असेल तर 'भिवापूर|प्रभाग ३' असा दोन तुकड्यांचा पत्ता तयार होतो आणि तो अगदी ग्रामपंचायत पातळीच्या पत्त्यासारखा दिसतो. उलट, 'आणि' चिन्हाने (&) जोडलं तर एक जरी नल असला की अख्खा पत्ता नल होतो. मला दुसरं वागणं जास्त आवडतं. ते निदान बोंब तरी मारतं.

नगरपंचायतींचा प्रश्न मात्र राहिलाच होता. भिवापूर, कुही इथे नगरपंचायत, उमरेडला नगरपरिषद. या ठिकाणी ग्रामपंचायतीची पातळीच नाही. प्रभागाला थेट तालुक्याखाली टांगता येतं आणि झाड म्हणून त्यात चूक काही नाही. पण फॉर्म पायरी पायरीने चालतो. तालुका निवडल्यावर ग्रामपंचायतीच्या यादीत काहीच आलं नाही तर कार्यकर्ता तिथेच अडकतो. म्हणून त्या पातळीचं नावच 'स्थानिक संस्था' केलं आणि 'प्रकार' हा कॉलम जोडला: ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद. खोटी 'इतर' नावाची ग्रामपंचायत उभी करण्यापेक्षा हे बरं, कारण हिला खरा पत्ता आहे आणि पत्र पाठवता येतं.

खेडा आणि खेड़ा

नावं साफ करायला ओपनरिफाइन. नागपूरकडे टाइप करणारा एक मराठीत करतो, दुसरा हिंदीत, त्यामुळे कुठे 'खेडा' तर कुठे नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) दिलेला 'खेड़ा'. त्यातही युनिकोडमध्ये नुक्त्याचा ड़ दोन तऱ्हांनी साठवता येतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा ड अधिक नुक्ता असा. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे, जुळवताना मात्र वेगळे. नुक्ते सरसकट काढून टाकले. हिंगणा-हिंगना, कळमेश्वर-कलमेश्वर या थाटाची जी जोडाजोड होती, ती ओपनरिफाइनच्या क्लस्टरने, म्हणजे सारखी नावं एकत्र दाखवणाऱ्या सोयीने, समोर आणली.

पण क्लस्टरच्या सूचना डोळे मिटून मान्य करू नयेत. अक्षरांच्या अंतरावरून जवळची नावं शोधणाऱ्या पद्धतीला 'पिपरा' आणि 'पिपरी' हे टायपिंगची चूक वाटतात. इकडे ती दोन वेगळी गावं असू शकतात, एकाच तालुक्यात. म्हणून आधी तालुक्याचा फॅसेट (गाळणी) लावून एकेका तालुक्यापुरतंच क्लस्टर चालवलं आणि प्रत्येक जोडीवर काकांचा होकार घेतला.

कोड

पालक-मूल यादीला कोड लागतात, आणि पॉवर क्वेरीत 'इंडेक्स कॉलम' एका क्लिकवर मिळतो. तो मोह टाळावा. पुढच्या वर्षी मधेच एक गाव वाढलं की त्याखालचे सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि मागच्या वर्षीचे नमुने शेजारच्या गावाच्या नावावर जमा होतात. ग्रामपंचायती आणि गावांसाठी पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतले, म्हणजे एलजीडीचे, कोड घेतले. ते आधीच ठरलेले आहेत आणि सरकारी याद्यांशीही जुळतात. टोल्यांना तिथे कोड नाहीत, म्हणून गावाचा कोड आणि पुढे दोन अंकी क्रमांक असं करून ते एका वेगळ्या शीटमध्ये कायमचे लिहून ठेवले. क्वेरी तिथून फक्त वाचते. नवा टोला आला की त्याच्यासमोर कोड रिकामा दिसतो आणि कोणीतरी तो हाताने देतो.

तुलनेसाठी २०११ च्या जनगणनेचे कोडही जोडले होते. त्यातला तालुक्याचा कोड पाच अंकी आणि महाराष्ट्रात शून्याने सुरू होणारा. शीट उघडताच पॉवर क्वेरी आपण होऊन 'चेंज्ड टाइप' ही पायरी घालते, कोडला संख्या समजते आणि पुढचं शून्य खाऊन टाकते. ती पायरी काढून कोडचे सगळे कॉलम मजकूर म्हणूनच ठेवले.

चारही फांद्या एकाखाली एक जोडल्यावर यादी अशी दिसू लागली. वाचायला सोपं जावं म्हणून इथे एलजीडीच्या जागी छोट्या खुणा लिहितो. क्रम आहे कोड, नाव, प्रकार, पालक:

ता२ | कुही | तालुका | (रिकामा)
सं२१ | सावंगी | ग्रामपंचायत | ता२
गा२११ | सावंगी | गाव | सं२१
गा२१२ | पिपरी | गाव | सं२१
टो२१२०१ | पारधी बेडा | टोला | गा२१२

सावंगी दोनदा आहे आणि ते बरोबर आहे: एक ग्रामपंचायत, एक गाव. पालकाचा कोड मिळवायला ही यादी स्वतःशीच मर्ज केली (खाने नव्हे, दोन याद्यांच्या ओळी जुळवणारं मर्ज), पालकाच्या पत्त्यावरून. मग 'लेफ्ट अँटी' प्रकारचं दुसरं मर्ज लावून ज्यांचा पालक यादीत सापडत नाही अशी पोरकी मुलं वेगळ्या टेबलात काढली. ते टेबल रिकामं असेल तरच पुढे जायचं. त्याशिवाय एक कोड एकदाच आला आहे ना, आणि पालक नसलेल्या ओळी तालुक्यांइतक्याच आहेत ना, एवढं पाहिलं.

रिठी, आणि पाण्याखाली गेलेली गावं

शेऱ्याच्या कॉलममध्ये काही गावांसमोर 'रिठी' लिहिलं होतं. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: रिठी म्हणजे उजाड गाव. महसुली दप्तरात नाव आणि शिवार आहे, वस्ती नाही. ती काढून टाकायची तर गावांची बेरीज महसूल यादीशी जुळेना, आणि ठेवायची तर फॉर्ममध्ये कार्यकर्त्याला निष्कारण दिसणार. प्रकार 'रिठी' देऊन ती यादीत ठेवली आणि फॉर्मसाठीच्या शेवटच्या क्वेरीत गाळली.

गोसीखुर्दचं प्रकरण जास्त अवघड. वैनगंगेवरच्या या धरणाची पायाभरणी १९८८ ची. बुडित क्षेत्रात कुही आणि भिवापूर तालुक्यांतली गावंही गेली, लोक पुनर्वसनाच्या वसाहतींत आले आणि येताना गावाचं नाव घेऊन आले. शीटमध्ये एकच ओळ, एकच नाव. जुने नमुने जुन्या गावातल्या विहिरीचे, नवे नमुने नव्या वसाहतीतल्या बोअरचे, आणि दोन्ही एकाच आलेखात एकाखाली एक. विहिरीचं पाणी आणि बोअरचं पाणी दोन वेगळ्या खोलीतून येतं, जागाही वेगळी, तेव्हा त्या आलेखाला काही अर्थ नव्हता.

संस्थेच्या समन्वयक ताईंचं म्हणणं होतं की जुनं गाव पालक करावं आणि नवं त्याचं मूल, म्हणजे नातं टिकेल. मी विरोध केला. या झाडात पालक म्हणजे 'ज्याच्या हद्दीत आहे तो'. नवी वसाहत जुन्या गावाच्या हद्दीत नाही, काही ठिकाणी तर ती दुसऱ्याच ग्रामपंचायतीत आहे. एकाच कॉलममध्ये एका ओळीत हद्द आणि दुसऱ्या ओळीत इतिहास घातला तर बेरजा कोसळतात. जुनी आणि नवी अशा दोन स्वतंत्र ओळी केल्या, दोघींना आपापल्या स्थानिक संस्थेखाली ठेवलं, आणि नव्या ओळीत 'पूर्वीचा कोड' असा कॉलम जोडला. ताईंना नात्याची माहिती मिळाली, झाड मोडलं नाही.

हे सगळं झाल्यावर मौदा तालुका जोडायची वेळ आली. त्यांच्या शीटला वर दोन ओळींचं शीर्षक होतं, ते काढण्याची एक पायरी वाढवली, बाकी क्वेरी तशीच चालली आणि पोरक्या मुलांच्या टेबलात थोडी नावं पडली. बहुतेक मौदा नगरपंचायतीचे प्रभाग, 'लागू नाही' लिहायचे राहून गेलेले. दोन टोल्यांवर मात्र दोन ग्रामपंचायतींनी हक्क सांगितला होता. काकांनाही ते सांगता येईना. त्यांचे कोड रिकामे ठेवून यादी फॉर्मवर चढवली आणि दादांना सांगितलं की तिकडे जाल तेव्हा घरपट्टी कोण घेतं ते विचारून या.